कॅनमधलं पाणी

लॅक्टोमीटर बुडाला.

नुसता बुडाला नाही, टक् करून तळाला जाऊन बसला. दुधात कसा तो मान वर काढून डौलात उभा राहतो! इथं आत्तींनी बोटांतून सोडला आणि उंच मापट्यात पार गडप झाला.

"पानी!" आत्ती ओरडल्या. "आगं बया, सगळं पानीच हाय की ह्यात! कारखान्यानं फशिवलं आपल्याला!"

दूध घालायला आलेल्या बायका चुन्यानं आखलेल्या गोलांत लांब लांब उभ्या होत्या. तोंडाला पदर, हातात कासंडी. सगळ्यांनी एकदम 'हंऽऽ' केलं. कारण मोरखडीच्या महिला दूध केंद्रात लॅक्टोमीटर म्हणजे न्यायाधीश. दुधात पाणी जितकं जास्त, तितकी ती काचेची नळी खाली जाणार. आणि नळी खाली गेली, की ते दूध सगळ्यांदेखत केंद्राच्या दारात ओतलं जाणार. हा नियम सगुणाबाई खराड्यांचा. सगुणाबाई म्हणजे केंद्राच्या अध्यक्षा आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

आणि मी काय केलं? मी हसले. फिस्सकन हसले, तेही चारचौघींत.

"आत्ती, पाणी नाही ते. स्पिरिट पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून नळी बुडाली. उलट जितकं अस्सल तितकी जास्त बुडणार."

आत्तींनी माझ्याकडं अशी नजर टाकली की माझा मास्क गळून पडला असता. लग्न होऊन जेमतेम तीन महिने झालेले. सांगलीची मी, केमिस्ट्रीची बीएस्सी, औषधांच्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करत होते. लॉकडाऊन लागला आणि मी मोरखडीत अडकले. नवरा तालुका दूध संघाच्या टँकरवर, तो रस्त्यावर. घरात मी, आत्ती आणि चार म्हशी. त्यातल्या म्हशी तेवढ्या माझं ऐकून घ्यायच्या.

"म्हंजी बुडलं ते चांगलं, आन् तरंगलं ते वंगाळ?" आत्ती म्हणाल्या. "ह्या केंद्रात उलटी गंगा वाहायची न्हाई, केतकी. कॅन परत धाडा."

"परत धाडा म्हणजे? आणि शनिवारी?"

शनिवारची धास्ती सगळ्यांनाच होती. शेजारच्या गावात दूध मापणारी बाई आजारी पडली आणि अख्खं केंद्र बंद झालं होतं. तिथल्या लोकांनी दूध ओढ्यात ओतलं, कारण घेणार कोण? तेव्हा तालुका संघानं फर्मान काढलं: प्रत्येक केंद्रावर हाताला लावायचं सॅनिटायझर पाहिजे, नाहीतर संकलन बंद. बाजारात ते औषधालाही मिळत नव्हतं. मग संघानं सरकारी परवानगी काढून साखर कारखान्याकडनं स्पिरिट उचललं आणि केंद्राकेंद्रावर एकेक कॅन पोचवला. सोबत ग्लिसरीनची बाटली आणि एक छापील कागद. शनिवारी सुपरवायझर घाटगे तपासायला येणार होते. त्यांच्या तपासणीत नापास झालो तर रविवारपासून आमच्याही दुधाला ओढा.

रांगेत तिसऱ्या गोलात इंदूकाकी उभ्या होत्या. आत्तींच्या सख्ख्या जाऊबाई. दोन्ही घरांची मधली भिंत एक, पण बोलणं बंद. का बंद, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी टाप नव्हती. त्यांचा नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, दारात दोन म्हशी. सगळं घर त्या दोन कासंड्यांवर. त्या कॅनकडं टक लावून बघत होत्या.

मी म्हटलं, "आत्ती, पेटवून बघा. पाणी असेल तर पेटणार नाही."

हे त्यांना पटलं. परसात, गंजीपासून लांब, दगडावर वाटी ठेवली. मी चमचाभर स्पिरिट ओतलं, कॅनचं झाकण घट्ट लावून तो घरात नेऊन ठेवला आणि मग काडी टाकली. भर दुपारचं ऊन. काहीच दिसेना.

"बघ!" आत्ती जिंकल्यासारख्या म्हणाल्या. "इझली तुझी काडी." आणि वाटी उचलायला हात पुढं केला.

मी त्यांचं मनगटच धरलं. "अहो, पेटलंय! उन्हात जाळ दिसत नाही ह्याचा." बाजूची वाळकी काडी वाटीवर धरली, ती भस्सकन पेटली. आत्ती दोन पावलं मागं सरकल्या. मग किती तरी वेळ त्या न दिसणाऱ्या जाळाकडं बघत राहिल्या.

"अस्सल हाय," शेवटी म्हणाल्या. "कारखान्याचा मानूस इमानदार निघाला. आता ध्यान दे. हे हाताला लावलं की वाळल्याबिगर चुलीम्होरं जायचं न्हाई. सगळ्या बायकांस्नी मी सांगते."

मला वाटलं, झालं. गंगेत घोडं न्हालं. मी छापील कागद काढला आणि खुशीत वाचायला लागले. स्पिरिट इतकं, ग्लिसरीन इतकं, आणि बाकी उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत.

"काय?"

"उकळून गार केलेलं पाणी..."

"पानी घालायचं? ह्यात? मी?"

"हो. निवळ स्पिरिट उपयोगाचं नाही. दहा भागांत आठ भाग स्पिरिट, बाकी पाणी असलं की जंतू नीट मरतात. सहाच्या खाली गेलं तर त्यात दम राहत नाही, आणि निवळ ठेवलं तर—"

"केतकी." त्यांचा आवाज एकदम खाली आला. वरच्या पट्टीत बोलतात तेव्हा आत्ती फक्त चिडलेल्या असतात. खालच्या पट्टीत आल्या की विषय संपला. "ह्या हातानं आजवर कशात पानी घातलं न्हाई. कुनी घातलं तर ठेवून घेतलं न्हाई. तुझ्या कागदावर काय बी लिहिलेलं असू दे."

"मग मी आत नेऊन मिसळते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"लपवून पानी? तसं तर दुधात घालत्यात."

मी कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून निवळ स्पिरिट सुरू झालं. ग्लिसरीनसुद्धा नाही, कारण तेही 'भेसळ'. केंद्राच्या दारात फवाऱ्याची बाटली घेऊन आत्ती स्वतः उभ्या. पहिला पेच पडला तो माळकरी गणूतात्यांचा. बायको माहेरी अडकलेली म्हणून ते दूध घेऊन आले होते.

"मी दारू हाताला लावनार न्हाई, सगुनाबाई. गळ्यात माळ हाय."

"प्यायची न्हाई तात्या, चोळायची हाय. आन् प्यायची म्हनला तरी पिऊ देनार न्हाई, कडू औषिध घातलंय त्यात. धरा हात."

तात्यांनी डोळे मिटून हात पुढं केले. नाकात वास गेल्यावर 'विठ्ठल विठ्ठल' केलं आणि म्हणाले, "गार वाटतंय की गं."

गार वाटायचं खरं, पण पळभर. हातावर पडलं की भुर्रकन उडून जायचं; चोळायला वेळच नाही. काही बाया गोठ्यातनं तशाच शेणाच्या हातांनी यायच्या आणि वर फवारा मारून घ्यायच्या. मी बोंबलून सांगायचे, "अहो मावशी, आधी साबणानं धुवा. घाणीच्या थराखाली हे पोचत नाही. हात स्वच्छ असतील तरच ह्याचा उपयोग." दोघी-तिघी ऐकायच्या. बाकीच्या म्हणायच्या, "मग साबनानंच धुतले तर हे कशाला?" त्यांचंही खोटं नव्हतं. साबण-पाणी असेल तिथं तेच उत्तम. पण केंद्राच्या कट्ट्यावर नळ नव्हता आणि प्रत्येकीनं एकाच बादलीत हात बुचकळायचे म्हणजे आजाराला आवतण.

आणि मग हात फुटायला लागले. आमच्या बायांचे हात आधीच चुन्या-मातीचे, त्यात दोन्ही वेळा निवळ स्पिरिट. साय काढून घेतल्यासारखी कातडी कोरडी पडली. बोटांच्या पेरांवर भेगा. भेगाळलेल्या बोटांनी धार काढायची म्हणजे बाईलाही त्रास आणि म्हशीलाही. इंदूकाकींच्या म्हशीनं लाथ मारून कासंडी उपडी केल्याचं भिंतीपलीकडनं ऐकू आलं. भांड्याचा आवाज, मग काकींचं करवादणं, मग काहीच नाही.

आत्ती अलीकडं ताक घुसळत होत्या. त्यांची रवी थांबली. पण त्या उठल्या नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी निम्म्या बायकांनी हात पदराखाली लपवले. "लावलं की मघाशी." "घरनं लावून आले." आत्तींसमोर खोटं बोलायची मोरखडीत कुणाची छाती नव्हती, आणि त्या दिवशी निम्म्या जणी बोलल्या.

सरपंचांचा पुतण्या तालुक्याहून कसल्याशा हिरव्यागार जेलच्या बाटल्या घेऊन आला. "काकी, हे घ्या. मऊ आहे, वास पण भारी." आत्तींनी बाटली उघडून हुंगली. मोगऱ्याचा वास सुटला.

"हे बरं दिसतंय की. झोंबत बी न्हाई."

मी बाटली फिरवून फिरवून बघितली. "आत्ती, ह्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. अल्कोहोल किती टक्के, कुठलं, काहीच नाही."

"कुठलं म्हंजी? लई जातीचं असतंय का काय?"

"असतं ना. एक आपल्या कॅनमधलं, उसाच्या मळीचं, इथेनॉल. दुसरं दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी कापसानं लावतात ते, आयसोप्रोपिल. ते पण चालतं. तिसरं मिथेनॉल. ते रंगात, पेट्रोलच्या धंद्यात वापरतात. दिसायला सेम, पण विष. पोटात गेलं तर डोळे जातात, माणूस जातो. कातडीतनं पण अंगात भिनतं. आणि वासावरनं ओळखू येत नाही. जेल असो, पातळ असो, फेसाचं असो, त्यात काय आहे ते महत्त्वाचं. जेल नुसतं हातावर जरा जास्त टिकतं."

एवढं बोलून मी दम घेतला. वाटलं, आता ऐकवणार, 'लई शानी झालीस.' पण आत्तींनी बाटली पुतण्याच्या हातात परत दिली.

"ज्याच्या कासंडीवर नाव न्हाई ते दूध मी घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "घिऊन जा. आन् ज्याच्याकडनं आनलंस त्याला इचार, नाव घालायला लाज का वाटली."

मला त्या बाईचं काही कळेना. इतकं नेमकं समजतं, मग पाण्यापाशीच का घोडं अडतं?

गुरुवारी घाटग्यांचा फोन आला. मी आत्तींना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"मिक्स केलंत ना व्यवस्थित?"

"न्हाई सायेब," आत्ती म्हणाल्या. "अस्सल ठेवलंय."

"अहो अध्यक्षा, अस्सल काय करायचंय? दुसऱ्या एका केंद्रावर असंच निवळ वापरलं. बायकांचे हात सोलवटले, त्यांनी लावायचं सोडून दिलं, आणि मला ते केंद्र बंद करावं लागलं. मी शनिवारी मीटर घालून बघणार. प्रमाणात नसेल, कमी असो का जास्त, तर मला केंद्र बंद करावं लागेल. माझा इलाज नाही."

फोन ठेवला. आत्ती उठून म्हशींना पाणी दाखवायला गेल्या. मी मागनं बघत राहिले. अख्ख्या गावाचं दूध एका बाईच्या हट्टापायी रस्त्यावर जाणार, आणि ती बाई माझी सासू. खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता.

शुक्रवारी नवरा टँकर घेऊन परत यायचा होता. त्याला गुलगुले आवडतात म्हणून आत्तींनी गूळ भिजवून कणीक कालवली आणि तळायचं काम माझ्यावर सोपवलं. माझं डोकं आधीच फिरलेलं. गॅस मोठा केला, तेलातनं धूर निघायला लागला तरी भान नाही. गोळे सोडले, पटकन लाल, पटकन काळे. मी काढून ताटात टाकले.

आत्तींनी एक फोडला. वरनं कोळसा, आत पांढरं कच्चं पीठ.

"ही तुझी बीएस्सी?" त्या म्हणाल्या. "आगं तेल दमानं तापवायचं असतंय. एवढं कडक तेल असलं की वरचं कातडं एकदम आवळून घेतंय. मग आत धग शिरंल कुठनं?"

माझ्या हातातला झारा खाली आला.

"आत्ती! हेच! हेच सांगतेय मी तुम्हाला सोमवारपासनं! निवळ स्पिरिट असंच करतं. जंतूचं वरचं कातडं एकदम आवळून टाकतं आणि आत शिरायला वाट राहत नाही. पाणी असलं की दमानं आत जातं, आतनं मारतं. पाणी म्हणजे भेसळ नाही त्यात. पाणी म्हणजे... म्हणजे मंद आच!"

मला वाटलं, मी जग जिंकलं. आत्ती काळ्या गुलगुल्याकडं बघत होत्या.

"कळलंय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आगं कळलंय. तू वाटी पेटवलीस तवाच कळलं की ह्यातलं तुला कळतंय. मी काय खुळी हाय? बायकांचे हात बघितल्यावर तर समदंच कळलं. गॅस बारीक कर आधी."

मी गॅस बारीक केला. खरं तर बंदच केला.

"मग पाणी घालायला काय हरकत आहे?"

आत्ती पाटावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. ही बाई बसली तरी उठायच्या तयारीतच बसते.

"इंदूचा परशा ल्हान हुता," त्या म्हणाल्या. "मुदतीच्या तापानं निजलेला. डाक्टरनं सांगितलेलं, दूध द्या. तिची एक म्हस आटलेली. तवा केंद्राचा नियम हुता, रोज इतकं दूध घातलंच पायजे, कमी आलं तर सभासद रद्द. नियम मीच घातला हुता. तिनं काय केलं, वाटीभर दूध पोराला ठेवलं आन् तेवढं पानी वतून माप भरलं."

"आणि?"

"आन् काय! नळी खाली गेली. मी सगळ्यांच्या म्होरं दूध वतलं. पोर आजारी हाय ते मला ठावं हुतं गं. ह्या भितीला कान लावायची बी गरज नव्हती, रातभर त्याचं कण्हनं ऐकू यायचं. तरी वतलं. वाटलं, जावंला सोडलं तर गाव म्हनंल, घरच्यास्नी येक न्याव आन् दुसऱ्यास्नी येक." त्या थांबल्या. "नळी खोटं बोलत न्हाई, केतकी. पर नळी समदं सांगत बी न्हाई. तिला काय ठावं, पानी कशापायी घातलंय?"

भिंतीपलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं.

"पोर जगलं, देवाची किरपा. आता इचलकरंजीत नोकरीला हाय. पर इंदू बोलायची बंद झाली ती झालीच. आन् उद्या ती रांगंत उभी असनार. तिच्या म्होरं मी ह्या हातानं पानी घालू? कुठल्या तोंडानं? ती म्हनायची न्हाई का, माझ्या येळंला पानी पाप हुतं, आन् आता सगुनीच्या येळंला औषिध झालं?"

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी आपली टक्केवारी सांगत बसले होते, आणि ह्या बाईच्या गळ्याशी वाटीभर दूध अडकलं होतं.

"मग त्यांनाच विचारा की," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय इचारू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी सून आहे, दोन जावांच्या मधे कशाला पडू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग गॅस पुन्हा लावून, कणकेचा गोळा घेऊन मंद आचेवर स्वतः तळायला बसल्या.

शनिवारी सकाळी कट्ट्यावर टेबल मांडलं. कॅन, ग्लिसरीन, रेघ मारलेला प्लॅस्टिकचा मोठा ड्रम, आणि मी पहाटे उकळून झाकून गार केलेल्या पाण्याची कळशी. घाटगे मोटरसायकलवरनं उतरले, मास्क सारखा करून बाजूला उभे राहिले. गोलागोलात बायका. इंदूकाकी पुढून तिसऱ्या.

आत्तींनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मापानं स्पिरिट ड्रममध्ये ओतलं. ग्लिसरीन ओतलं. बायका बघत होत्या. इथपर्यंत सगळं ठीक. मग त्यांनी कळशीतनं जग भरला, उचलला, आणि ड्रमच्या तोंडावर धरून थांबल्या.

जग हलेना. घाटगे घड्याळ बघायला लागले. मी मनात म्हणत होते, ओता, आत्ती, ओता एकदाचं. मागनं एक बाई पुटपुटली, "सगुनाबाई पानी घालाय लागल्या का काय?"

"व्हय," आत्ती मोठ्यानं म्हणाल्या. "पानी घालायचंय. घातल्याबिगर हे औषिध हुत न्हाई, तुमचे हात फुटत्यात, आन् मी बळंच चार दिस तुमास्नी तरास दिला. पर माझा हात उचलंना." मग त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "इंदू."

गावानं कित्येक वर्षांत ही हाक ऐकली नव्हती.

"इंदू, त्या दिशी मी तुझं दूध वतलं. परशा आजारी हाय ठावं असून वतलं. नियमाचा लई गर्व हुता मला. चुकलं माझं. आजपास्नं ज्या घरात आजारी मानूस, न्हाईतर ल्हान लेकरू, त्या घरानं आधी घरात दूध ठेवायचं, मग केंद्रात यायचं. माप कमी भरलं तरी चालंल. लिहून घ्या सायेब. आन् इंदू, तुझ्या म्होरं पानी घालायचा मला हक न्हाई. तू घाल, न्हाईतर माझा हात तरी धर."

इंदूकाकी आपल्या गोलात उभ्याच. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसते डोळे. ते डोळे आधी आत्तींवर, मग ड्रमवर, मग परत आत्तींवर. मला वाटलं, आता त्या पाठ फिरवून जाणार. गेल्या असत्या तरी कुणी त्यांना बोल लावला नसता.

त्यांनी कासंडी खाली ठेवली. चुन्याची रेघ ओलांडून पुढं आल्या. साबण घेतला, हात धुतले, अगदी सावकाश. आणि आत्तींच्या हातावर हात ठेवून जग धरला. दोघींचे हात सारखेच भेगाळलेले.

"घालते," इंदूकाकी म्हणाल्या. "पर मापानं हां, सगुनाक्का. रेघंच्या वर थेंब गेला तर समद्यांच्या म्होरं वतून दिईन."

आधी कुणालाच कळेना हसावं की नाही. मग आत्तीच हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतनं घळघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग सगळा कट्टा हसला. गणूतात्या कुठनं तरी टपकले होते, तेही हसले. घाटगेसुद्धा.

पाणी पडत राहिलं. "बास?" आत्तींनी विचारलं. "आजून," काकी वाकून बघत म्हणाल्या. "आजून. हां, बास."

मी लाकडी दांड्यानं ढवळलं. घाटग्यांनी काचेच्या नळकांड्यात थोडं काढून घेतलं आणि आपली स्पिरिट मापायची नळी सोडली. मी खोटं सांगत नाही, रांगेतल्या प्रत्येक बाईनं मान पुढं काढली. दुधाच्या वेळी काढतात तशीच. नळी थोडी डुलली आणि मधोमध उभी राहिली.

"बरोबर आहे," घाटगे म्हणाले. "उद्या टँकर नेहमीच्या वेळेला येईल."

कुणीतरी टाळी वाजवली. मी फवाऱ्याची बाटली भरून आत्तींच्या हातात दिली, आणि त्या सवयीनं दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या गोलातली बाई हात पुढं करत निघाली, तर इंदूकाकींनी तिला कोपरानं बाजूला सारलं.

"मागं हो गं," त्या म्हणाल्या आणि दोन्ही तळवे आत्तींच्या पुढं धरले. "आज पैली मी."